दुसऱ्या भागातली उडी

गुऱ्हाळं आता संपत आलीत. नदीच्या अंगाला अजून दोन-चार चुलवाणं धुमसतायत, आणि संध्याकाळी वारा फिरला की काहिलीत रटरटणाऱ्या रसाचा वास शिवाजी पेठेच्या बोळाबोळांतून, तालमीच्या तांबड्या मातीवरून, थेट माझ्या टेबलावरच्या पोरांच्या उत्तरपत्रिकांपर्यंत येतो. लोकांना या वासानं भूक लागते. मला दत्तूची आठवण येते, आणि ती आली की मी घरात कुणाशी धड बोलत नाही.

यंदा त्यात भरीत भर पडली. तालमीसमोरच्या भिंतीवर एका स्टंटपटाच्या तिसऱ्या भागाची जाहिरात लागली. घोडा, चाबूक, तोंडावर काळं फडकं बांधलेला नायक, आणि पाठीमागं काही कारण नसताना पेटलेलं एक अख्खं गाव. जाहिरातीची खळ वाळायच्या आत कट्ट्यावर वाद पेटला.

‘पाडव्याला लावा म्हणावं. गाव मोकळं आसतंय.’

‘खुळा हायस काय मर्दा? पाडव्याला पोरांच्या परीक्षा. शिमग्यालाच लावाय पायजे.’

‘आन् गुऱ्हाळावरची माणसं काय, धूर बघत बसू देत व्हय?’

मी छत्री काखोटीला मारून चाललो होतो. एकानं हटकलंच. ‘मास्तर, तुमी बोला की. तुमी परीक्षणवालं. कवा लावावा?’

‘मला काय विचारता? या बाबतीत माझं आजपर्यंत कुणी ऐकलंय?’ असं म्हणून मी तडक घरी आलो. पोरं मागं हसली असतील. हसू देत. त्यांतली निम्मी तेव्हा गोट्या खेळत होती, त्यांना काय ठाऊक की याच कट्ट्यावर, याच भिंतीकडं तोंड करून, दुसरा भाग कधी लावायचा यावरून केवढं रण माजलं होतं.

त्या चित्रपटाचं खरं नाव चांगलं लांबलचक, संस्कृत वळणाचं होतं. पेठेत ते कुणीही कधीही घेतलं नाही. पहिला भाग म्हणजे ‘फडकं’ आणि दुसरा भाग म्हणजे ‘दुसरं फडकं’, संपला विषय. गावातल्या एका साप्ताहिकात मी तेव्हा चित्रपटांची परीक्षणं लिहीत असे. शाळेतली नोकरी नवी होती, अंगात विद्वत्तेची खुमखुमी होती, आणि स्टंटपटांना झोडपणं हे आपलं जन्माचं कार्य आहे अशी माझी समजूत होती. फक्त पहिल्या ‘फडक्या’ला मला झोडपता आलं नाही. मी लिहिलं होतं, नायकाच्या अंगात वाघाचं बळ आहे, त्याच्या हाणामाऱ्या पाहताना खुर्चीत बसवत नाही.

तो अंक घेऊन दत्तू माझ्या खोलीवर आला आणि दार अडवून हसत उभा राहिला. दार अडायचंच, त्याचे खांदे तेवढे होते. दत्तू तालमीतला पैलवान, कुरुंदवाडच्या बाजूच्या एका खेड्यातला, घरी आई आणि थोडा ऊस. मला म्हणाला, ‘मास्तर, काय लिवलंसा ह्ये? ते बळ माजं हाय की वो!’

तेव्हा मला कळलं. नायकाच्या तोंडावर फडकं. फडक्याआड कोण आहे ते कुणाला दिसतंय? स्टुडिओतल्या लोकांनी तालमीतून दत्तूला उचललं होतं. गाणी आली, प्रेम आलं, की फडकं सोडून नायक पुढं. घोडा, भिंत, मारामारी आली, की फडकं बांधून दत्तू. वस्ताद आधी भडकले होते. लाल मातीतला माणूस पडद्यावर जातो म्हणजे काय! पण दत्तू पहाटेचे जोर काही चुकवीत नव्हता, आणि कुस्तीच्या हौद्यात कुणाला हार जात नव्हता, त्यामुळं वस्तादांनी तोंड फिरवून परवानगी दिली.

त्यानंतर रोज तिन्हीसांजेला तो खोलीवर येऊ लागला. दुसऱ्या भागाचं चित्रण सुरू झालं होतं, आणि मला ते आधीच कळू नये म्हणून मी कानात बोटं घालायचो, तर हा पठ्ठ्या माझी बोटं काढून सांगायचा. पन्हाळ्याच्या तटावरून एक उडी होती. खाली भाताचा पिंजर, मऊ पेंढा, अंथरला होता. उडी मारताना वाऱ्यानं फडक्याची गाठ सुटली आणि फडकं गेलं उडून. दत्तूला हसू फुटलं, आणि तसाच, दात काढून, तो खाली आला. सगळ्यांना वाटलं, परत मारावी लागणार. पण दिग्दर्शक म्हणाला, क्षणभराचं तर आहे, कोण ओळखतंय, राहू दे.

‘म्हंजे आता माजं त्वांड दिसणार, मास्तर. तेवढ्या वक्तापुरतं. अव्वाला आणतो बघा ते बघाय.’

आईला तो अव्वा म्हणायचा. त्या बाजूला तसंच म्हणतात, आणि बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. पहिला भाग त्यानं तिला दाखवलाच नव्हता. म्हणे फडकं बांधून काय दाखवायचं, चोर वाटीन मी तिला. दुसरा भाग दिवाळीत लागणार होता. दिवाळीत ऊस अजून उभा असतो, गुऱ्हाळं धरलेली नसतात, अव्वा मोकळी असते. बैलगाडीनं आणायचं की मोटारीनं, पुढं बसवायचं की मागं, याचे बेत तो करत बसायचा. मी उत्तरपत्रिका तपासत हं हं म्हणायचो. आज वाटतं, त्या उत्तरपत्रिका गेल्या असत्या चुलीत तरी चाललं असतं. तो समोर बसलेला असताना मी खाली मान घालून लाल शाईनं रेघोट्या मारत बसलो.

श्रावणात दत्तूला ताप आला. तालमीतल्या गड्याला ताप म्हणजे काय, पडसं, अशी सगळ्यांची समजूत. मग गावाकडं नेला, तिथं डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला, आणि श्रावण सरायच्या आत दत्तू गेला. एवढा आडवातिडवा माणूस असा जाऊ शकतो हे मला अजूनही नीट पटत नाही. परवासुद्धा पायऱ्यांवर जड पावलं वाजली, तर मी वर बघितलं.

त्याचा एकही फोटो नव्हता. तालमीत पैलवानांचा मोठा फोटो आहे भिंतीवर, पण तो काढला त्या दिवशी दत्तू ऊस लावायला गावी गेलेला. घरी फोटो काढायची रीत नव्हती. अव्वानं एकदा कुणाकडून तरी विचारून बघितलं होतं, तालमीत पोराचा फोटू हाय का म्हणून. वस्ताद नाही म्हणाले आणि नंतर बराच वेळ जोरांची मोजणीच चुकत राहिले. म्हणजे आता या जगात दत्तूचं तोंड उरलं होतं ते एकाच जागी, त्या उडीत.

दसऱ्याच्या आसपास थिएटरचे मॅनेजर कट्ट्यावर आले. सभ्य माणूस, कोट, काळी टोपी. पेठेतल्या पोरांना आणि त्यांच्या हातून मोडणाऱ्या खुर्च्यांना दबकून असणारा. म्हणाले, दिवाळीसाठी ‘दुसऱ्या फडक्या’च्या रिळांचे डबे येतायत, तालमीची काही हरकत नाही ना?

वस्ताद उखडलेच. ‘पोराचं वरीस झालं न्हाय अजून. तालमीनं दुखवटा धरलाय. हितं दिवाळीला पणती लावायची न्हाय असं ठरलंय, आन् तुमी त्याला पडद्यावर नाचवणार? गाव शिट्ट्या मारणार त्याच्यावर?’

‘वस्ताद, मी म्हणून काय, सबंध जिल्ह्यात दिवाळीलाच लागतोय.’

‘सबंध जिल्ह्यात दत्तू आमचा न्हवता. हितं आमचा हुता.’

दुखवट्याच्या घरी सण करायचा नाही ही आपली रीतच आहे. सोयरे-धायरे येतात, दुखवटा काढतात, मग त्या घराला गोडधोड चालतं. पण अख्ख्या तालमीनं दुखवटा धरला, तर तो काढायला यायचं कुणी? याचा विचार कुणी केला नव्हता. एक पैलवान म्हणाला, ‘दिवाळीला लावला आन् म्हातारीच्या कानावर गेलं, तर जीव दील ती.’ सगळ्यांनी माना हलवल्या.

मी तेवढ्यात तोंड घातलं. ‘अव्वाला विचारलंय का कुणी?’

वस्तादांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शाळेतलं एखादं चुकार पोरगं असावं. ‘मास्तर, आसं विचारत्यात व्हय कुणाच्या आईला? पोरगं मेलंय तिचं. त्याचा शिनेमा लावू का, म्हणून जाऊन इचारू?’

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आजही निम्मं पटतं. त्या माणसांचं प्रेम खोटं नव्हतं. ते एवढं होतं की त्यापुढं कुणाचं काही चालेना. मॅनेजरांनी दिवाळीला एक देवादिकांचा चित्रपट लावला, आणि आमची दिवाळी काळोखात गेली.

‘दुसरं फडकं’ कोल्हापुरात लागलं ते पौषात, ऐन गुऱ्हाळात. त्याहून पुढं ढकलणं मॅनेजरांच्या हाती नव्हतं, डबे पुढं बेळगावच्या बाजूला जायचे होते. खेड्यांतलं माणूस त्या दिवसांत हलूच शकत नाही. गुऱ्हाळ चार जणांत मिळून असतं, प्रत्येकाच्या उसाची पाळी लागलेली, पाळी चुकली की तोडलेला ऊस वाळून चिपाड. अव्वाच्या घरी तर आता हात तिचे दोनच. ती पाळीला बांधलेली, आणि हिकडं पडद्यावर तिचा लेक.

मी परीक्षण लिहिलं, तेही जरा फणकाऱ्यानंच. पहिल्याची सर दुसऱ्याला नाही, हे मी तेव्हाही लिहिलं आणि आजही म्हणेन. पहिल्या भागात दरीत पडून मेलेला खलनायक दुसऱ्यात कपाळाला साधी खोकसुद्धा नसताना हजर होतो. नायिका जंगलात हरवली असताना तीन गाणी म्हणते. नायकाचा पांढरा घोडा नदीत उतरतो आणि तांबडा होऊन बाहेर येतो. मुळात गोष्ट संपलेली असते, नायकानं फडकं सोडून नायिकेचा हात धरलेला असतो, तरी आपण खुर्चीवरून उठत नाही; पुढं काय झालं, पुढं काय झालं, हा आपला हावरटपणा. त्या हावरटपणातूनच दुसरे भाग निघतात. हे सगळं मी लिहिलं. उडीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लेखणी तिथं आली की थांबायची.

पण पहिल्याच खेळाला काय झालं ते सांगायला हवं. तालमीचे सगळे गडी पुढच्या बाकांवर. वस्ताद जन्मात पहिल्यांदा थिएटरात आलेले, फेटा काढून मांडीवर धरलेला. तट आला, मागं शिपाई, पुढं मोकळं आभाळ. उडी. फडकं सुटलं. आणि दत्तू, आमचा दत्तू, दात काढून हसत, भिंतीएवढा, आमच्या अंगावर आला. एकही शिट्टी वाजली नाही. दुसऱ्या क्षणी तो दिसेनासा झाला, आणि वस्ताद उभे राहून ओरडले, ‘ए, थांब! परत दाव!’

यंत्र थांबलं. ऑपरेटरनं रीळ उलटं गुंडाळून घेतलं आणि पुन्हा उडी दाखवली. मग पुन्हा. लोक रडत होते आणि ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणत होते. मीही म्हणत होतो. त्या दिवसापासून रोज, प्रत्येक खेळाला, ती उडी अशीच मागून मागून बघितली गेली. पेठेतले लोक तेवढ्यापुरते येऊन बसायचे आणि उडी झाली की उठून जायचे. ऑपरेटर कुरकुरायचा, ‘फिल्म तुटायला लागल्या वो, एवढ्या तुकड्याला किती डाव फिरवू?’ त्याला कोण जुमानतंय! तुटली की तो जोडायचा, आणि आम्ही ओरडायचो, परत.

शिमगा झाला, गुऱ्हाळं विझली, आणि एका सकाळी अव्वा तालमीच्या दारात उभी राहिली. डोक्यावर गुळाची ढेप, पोरांसाठी आणलेली. उतरवून घेतली तशी म्हणाली, ‘दत्तूचा शिनेमा कुटं लागलाय रं? त्यो म्हणला हुता दावतो म्हणून.’

वस्ताद पुढं झाले. ‘लागून गेला, अव्वा. तुला तरास हुईल म्हणून आमी कळवलं न्हाय.’

‘तरास?’ ती पायरीवर टेकली. आवाज चढवला नाही की काही नाही. ‘त्याचं त्वांड इसरत चाललोय मी, बाबा. भाकरी थापताना आठवाय बघतो. कपाळ येतंय, नाक येतंय. समदं एका टायमाला येत न्हाय. त्यो तरास मोठा, का ह्यो?’

कुस्तीच्या फडात कधी खाली न बघणारे वस्ताद मातीकडं बघत राहिले.

मॅनेजर बिचारे कामाला लागले. त्यांनी कुठं कुठं विचारणा केली. बाकीच्या प्रतींचे डबे कुठं गेले कुणालाच सांगता येईना. कंपनी तेव्हाच बंद पडली होती; हा तिसरा भाग दुसऱ्याच कुणीतरी काढलाय. आपल्याकडं येऊन गेलेले डबे तेवढे या तंबूतून त्या तंबूत फिरतायत असं कळलं. दोन उन्हाळे आम्ही त्यांच्या मागावर होतो. शेवटी कुरुंदवाडजवळच्या एका जत्रेत तंबूतला सिनेमा उतरला, आणि त्यात ‘दुसरं फडकं’. मी शाळा बुडवून गेलो. अव्वानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तंबूत बायका दोरीच्या पलीकडं, पुरुष अलीकडं. आम्ही दोरीला धरून शेजारी शेजारी बसलो.

तट दिसला तसं मी सांगितलं, ‘अव्वा, आता बघ. पापणी मिटू नको.’

घोडा दौडत आला. नायक तटावर चढला. मागं शिपाई. आणि पडदा एकदा थडथडला, पांढरा झाला, आणि नायक खाली घोड्यावर बसून चाललेला, तोंडावर फडकं घट्ट बांधलेलं. उडीच नव्हती. तुटत तुटत, जोडत जोडत, कुणीतरी तेवढा तुकडा काढून टाकला होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि चित्रपट पुढं चालला.

अव्वाला ते कळलंच नाही. ती शेवटपर्यंत पापणी न मिटता बसली. नायिकेच्या गाण्यातसुद्धा. सगळे उठले, तंबूची कनात वर गेली, बाहेर गॅसबत्त्यांचा उजेड होता. मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘कंच्या येळेला हुता त्यो?’

मला खोटं बोलवेना. ‘तो तुकडा तुटलाय, अव्वा.’

‘कुणी तोडला?’

‘आम्हीच. परत परत बघून.’

जत्रेतली पिपाणी वाजत होती. मग अव्वा म्हणाली, ‘तू बगितलायस न्हवं? मग सांग.’

तिथंच तंबूच्या खुंटीजवळ बसून मी तिला पहिल्यांदा सांगितलं. तट किती उंच, शिपाई कसे आले, फडकं कसं सुटलं. ती मधे मधे विचारायची. ‘लागलं का रं त्याला?’ नाही, खाली पिंजर होता. ‘हसला म्हणतोस, दात दिसलं का?’ दिसले. ‘फुडचा एक वाकडा हाय त्याचा.’ तोही दिसला.

तेव्हापासून दर वर्षी गुऱ्हाळ संपलं की अव्वा गुळाची ढेप घेऊन येते, माझ्या उंबऱ्याशी बसते आणि म्हणते, सांग. मी सांगतो. दुसऱ्यांच्या चित्रपटांतल्या अतिशयोक्तीवर तोंडसुख घेणारा मी, माझ्या सांगण्यात तट दरसाल वाढत गेला. शिपायांकडं तलवारी होत्या, त्यांच्या तोफा झाल्या. उडी इतकी लांबली की दत्तू तेवढ्यात अव्वाची आठवण काढून, माझ्याकडं बघून, हात हलवूनसुद्धा घेऊ लागला. तिसऱ्या भागाची मला काय मातब्बरी! माझ्या घरी दर वर्षी दुसरा भागच नव्यानं लागतो.

अव्वा परवा येऊन गेली. थकलीय आता. मी चहा दिला, पाठ टेकायला उशी दिली, आणि सुरुवात केली. तटापर्यंत आलो आणि अडकलो. उडी घेतली, फडकं सुटलं, आणि मला दत्तूचं तोंड दिसेना. मी डोळे मिटले. माझीच वाक्यं ऐकू येत होती, दर वर्षीची, पाठ झालेली. त्यांच्यामागं कुणी नव्हतं. दहा वर्षांत पहिल्यांदा मला रडू आलं. कसा होता रे तू, दत्तू? दार अडवून उभा राहायचास, तेव्हा कसा दिसायचास?

अव्वानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘ऱ्हाऊ दे. औंदा मी सांगतो. तू ऐक.’

आणि तिनं सांगितलं. घोडा आला म्हणाली, दत्तू तटावर चढला म्हणाली. खाली वाकून बघितलं. लई खोल. मग माघारी फिरला.

‘माघारी कसा फिरेल अव्वा? मागं शिपाई आहेत.’

‘असू देत की. त्येंला म्हणला, बाबांनू, वाट द्या, आई वाट बघत्या. दिली त्येंनी वाट. पायऱ्या उतरला, घरला आला, पाय धुतलं आन् जेवाय बसला.’

‘आणि उडी?’

‘उडी कशापायी मारायची? घर काय लांब हाय व्हय?’

मी चष्मा पुसला. मग विचारलं, ‘काय जेवला?’

अव्वा सांगत बसली, आणि मी ऐकत बसलो.